डोक्यावर कर्ज आणि मनात भारीतली गिटार: घ्यायची का थांबायचं, ठरवायचं कसं

सरळ सांगतो, हे मी शहाणा आहे म्हणून लिहीत नाही, हात भाजलाय म्हणून लिहितोय. 78 हजारांची इलेक्ट्रिक गिटार मी घेतली तेव्हा माझ्या क्रेडिट कार्डावर 41 हजार थकलेले होते, गल्लीतल्या मित्राचे 15 हजार हातउसने होते आणि भिशी चौथ्या महिन्यातच उचलून खाऊन झालेली. नोकरी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीत क्वालिटीला. शनिवार-रविवार आमचा चार पोरांचा बँड, हळदी, संगीत, कॉलेजचं गॅदरिंग असलं काय काय वाजवतोय. आणि तेव्हा मी स्वतःला जे विचारलं तेच आजकाल मला दर पंधरा दिवसाला कोण ना कोण विचारतंय, "भावा, हप्ता तर परवडतोय, मग घेऊन टाकू का?"

हप्ता परवडतोय का हा प्रश्नच दुकानदाराचा आहे. त्याला तेवढंच माहिती पाहिजे असतंय. तुम्ही विचारायचं ते वेगळं, आधीचं कर्ज कुठलं आहे, ते महिन्याला किती खातंय, आणि त्यात हा नवा हप्ता घातला की नेमकं काय होतंय.

आधी कॅलेंडर उलटं करा

भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान काढा आणि मागं लिहा. मोबाईलमध्ये नको, मोबाईलमध्ये लिहिलेलं आपण परत उघडत नाही. चार रकाने, कुणाचं, किती राहिलंय, व्याज किती, कधी संपणार. बास. ॲप नको, एक्सेल नको.

यात लोक दोन गोष्टी हमखास विसरतात. एक हातउसने आणि दुसरी भिशी. "भिशी काय कर्ज असतंय होय?" हे मला माझ्याच बँडच्या ड्रमरनं तोंडावर विचारलंय. तर बघा, 12 जणांची 5 हजारांची भिशी म्हणजे 60 हजार. लिलावाची असेल तर गरजू माणूस ती 52 हजारात उचलतो, वरचे 8 हजार सगळ्यांत वाटले जातात. तुम्ही ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उचलली तर हातात आले 52 आणि पुढचे आठ-नऊ महिने हप्ता काही चुकत नाही, वाटणीचे थोडेफार परत येतात तेवढं सोडा. हे कर्जच झालं की, फक्त त्याला कागद नाही आणि व्याजाचा आकडा कुणी बोलून दाखवत नाही. शेवटी शेवटी उचलणाऱ्याची ती बचत असते, सुरुवातीला उचलणाऱ्याचं कर्ज. एकाच भिशीत दोन्ही माणसं मांडीला मांडी लावून चहा पीत असतात.

पतसंस्थेचं असेल तर चौथ्या रकान्याच्या शेजारी जामीनदाराचं नाव पण लिहा. हे मी मुद्दाम सांगतोय. हप्ता थकला की नोटीस त्यालाही जाते, पगारदार असेल तर कपात त्याच्या पगारातून होऊ शकते. नाव डोळ्यासमोर असलं की गिटारच्या दुकानाची पायरी चढताना पाय जरा जड पडतात, आणि पडलेले बरेच.

सगळ्यात आधी क्रेडिट कार्ड, कारण तिथंच आग आहे

घरकर्ज, गाडीचं कर्ज, सोनेतारण, कार्ड, सगळ्याला आपण "कर्ज" म्हणतो पण व्याजात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कार्डाची थकबाकी बऱ्याच ठिकाणी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे वर्षाला 42 टक्के, आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी वेगळा.

50 हजार थकलेत धरा. महिन्याचं व्याज 1,750, त्यावर जीएसटी 315, झाले 2,065. तुम्ही आपलं प्रामाणिकपणे मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, म्हणून 2,500 भरले. त्यातले मुद्दलात गेले 435 रुपये. चारशे पस्तीस! मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा कॅल्क्युलेटर बिघडलाय वाटलं, परत मारला, परत तेच. आणि मुद्दल तिथंच राहिलं तर वर्षाला जवळजवळ 24 हजार 800 नुसतं व्याज-जीएसटीत जातात. तेवढ्या पैशांत यामाहाची पॅसिफिका 112 ही इलेक्ट्रिक गिटार जवळजवळ येते.

आता यात "नो कॉस्ट ईएमआय" कसा अडकवतोय ते बघा, कारण माझी मान तिथंच अडकली. 80 हजारांची गिटार, 12 हप्ते, 6,667 चा एक. व्याज नाही म्हणतात, पण बँक व्याज लावतेच, दुकान किंवा कंपनी तेवढी सूट किमतीत आधी देते, बेरीज जुळते. व्याज 16 टक्क्यांनी धरलं तर ते होतंय साधारण साडेसहा हजार आणि त्यावरचा जीएसटी, अंदाजे 1,170, तुमच्या खिशातून. वर प्रोसेसिंग फी. आणि रोखीनं घेतली असती तर दुकानदारानं घासाघीस करून जे दोन-चार हजार सोडले असते ते सुटत नाहीत. तरी हे सगळं चालून जाईल, एवढ्यानं माणूस बुडत नाही.

बुडतो तो इथं. कार्डावर आधीची थकबाकी असेल तर गिटारचा हप्ता त्याच बिलात येतो. बिल पूर्ण भरलं तरच तो हप्ता बिनव्याजी. तुम्ही बिल अर्धवट भरलं की जे राहिलं त्याला साडेतीन टक्के लागले, मग ते गिटारचं असो नाहीतर पेट्रोलचं. शिवाय थकबाकी असताना कार्डावर नवीन काही घेतलं की त्याला ते 45-50 दिवसांच्या बिनव्याजी मुदतीचं सुख मिळत नाही, घेतल्या दिवसापासून मीटर चालू. माझा हप्ता होता साडेसहा हजार. मी महिन्याला साडेसहा-सात भरत होतो आणि खूश होतो की बघा कसा वेळेवर भरतोय. भरलेलं सगळं हप्त्यात जात होतं आणि आधीचे 41 हजार मागच्या दारानं वाढत होते. सात महिन्यांत ते 54 च्या वर गेले. एक रुपयाची नवीन खरेदी न करता.

त्यामुळं कार्डावर थकबाकी असेल तर भारीतली गिटार नाही. यात मी काही जर-तर ठेवत नाही. आधी बँकेला फोन लावा आणि थकबाकीचे हप्ते करून मागा, बहुतेक बँका करून देतात. 50 हजार 16 टक्क्यांनी 12 महिन्यांत फेडायचे म्हटलं तर हप्ता साधारण 4,540, वर्षाचं व्याज साडेचार हजाराच्या आत, जीएसटी आठशेच्या आसपास. सव्वापाच हजारात विषय मिटतो, जिथं आधी 25 हजार जात होते. फोनवर ती मुलगी लगेच "सर, तुम्हाला लिमिट वाढवून देऊ का" विचारणार, तिला गोड शब्दांत नाही म्हणा. आणि हप्ते करून झाल्यावर कार्ड पाकिटातून काढून कपाटात, साड्यांच्या खाली. मोकळं झालेलं लिमिट परत भरायला आपल्याला आठ दिवस पुरतात, मी स्वतः करून बघितलंय.

ज्याला व्याज नाही ते कर्ज

हातउसने घेतलेल्याचं व्याज शून्य, म्हणून कॅलेंडरच्या मागं आपण ते सगळ्यात खाली लिहितो. मी पण तसंच लिहिलं असतं.

गिटार आणली त्या संध्याकाळी मी रंकाळ्यावर नेली, कट्ट्यावर बसून फोटो काढला, मागं पाणी, मावळतीचं ऊन, गिटारचा तो सनबर्स्ट रंग, आणि टाकला स्टेटसला. धडाधड रिप्लाय. "नाद खुळा", "विषय हार्ड", "पार्टी कधी". आणि ज्याचे 15 हजार द्यायचे होते त्याचा फक्त एक अंगठा. एरवी हा माणूस माझ्या फालतू जोकवर पण चार ओळी लिहितो. त्यानं पैसे मागितले नाहीत, आजतागायत कधी मागितले नाहीत, पण पुढचे दोन महिने मिसळ खायला जाताना तो मला हाक मारायचा बंद झाला होता. त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच महिन्यात होतं, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

तर हातउसने कार्डाच्या बरोबरीनं वर लिहा. पूर्ण देणं जमत नसेल तर निदान त्या माणसाला गिटार घ्यायच्या आधी जाऊन सांगा, की बाबा असं असं डोक्यात आहे, तुझे महिन्याला तीन हजार चालू करतो, चालेल का. तो हो म्हणेल किंवा तोंड वाकडं करेल, दोन्हीत तुम्हाला उत्तर मिळतंय.

घरकर्ज, गाडी, सोनं

घरकर्ज डोक्यावर आहे म्हणून वीस वर्षं गिटारच घ्यायची नाही, असं काही नाही. मग कोल्हापुरात गिटार कुणाकडंच दिसली नसती. माझा आपला अंदाज असा, घरात येणाऱ्या पगारातले सगळे हप्ते मिळून 40 टक्क्यांच्या आत असतील, तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडलेला असेल, आणि गिटारचे पैसे वेगळे साठलेले असतील तर खुशाल घ्या. गाडीचं कर्ज वर्षभरात संपणार असेल तर तो हप्ता सुटला की तोच पुढं गिटारकडं वळवा, खिशाला आधीच सवय झालेली असते.

सोनेतारण मात्र नको. त्याचं व्याज कार्डापेक्षा कितीतरी कमी असतंय हे खरं, आणि कार्ड फेडायला कुणी सोनं ठेवत असेल तर हिशोबानं ते चूक पण नाही. पण गिटारसाठी नको. बऱ्याच योजनांत महिन्याला काही भरायचं नसतं, वर्षाच्या शेवटी मुद्दल-व्याज एकदम, आणि बारा महिने आपण विसरून जातो. आमच्या घरी मी हा विषय एकदा काढून बघितला होता. बायको भाकरी थापत होती, थापायची थांबली नाही, नुसतं म्हणाली, "साज ठेवून गिटार आणा, मग लग्नाकार्यात माझ्या गळ्यात गिटारच घालते." मी परत विषय काढला नाही.

गिटार न घेता तिचा हप्ता भरून बघा

आता मुख्य गोष्ट. हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर 26 हजार वाचले असते. (कसे ते पुढं येतंय.)

तुम्हाला हवी ती गिटार 80 हजारांची आहे ना, म्हणजे 6,700 चा हप्ता. ठीक आहे. गिटार घेऊ नका, हप्ता मात्र पुढच्या एक तारखेपासून चालू करा. पगार झाला की पहिल्या दिवशी 6,700 बाजूला. त्यातले साडेचार हजार आणि वरचा जीएसटी कार्डाच्या हप्त्याला, उरलेले दोन हजारभर मित्राच्या उसन्याला किंवा बँकेतल्या रिकरिंग ठेवीला. पगाराच्या दिवशीच, 15 तारखेला काय उरतंय बघू असं करून नाही, 15 तारखेला काही उरत नसतंय.

बोटं दुखतात तसं पहिले दोन महिने दुखतंय. तिसऱ्या महिन्यात कुणाचं तरी लग्न येणार, आहेर, पेट्रोल, पोरांची फी, गणपतीची वर्गणी, आणि तुम्हाला वाटेल या महिन्यात सोडू. तिथं खरं कळतं. सोडलात तर लक्षात घ्या की गिटार घेतली असती तर हाच हप्ता बाउन्स झाला असता, बँकेनं पाचशेच्या आसपास दंड मारला असता, वर जीएसटी, सिबिलवर डाग वेगळा, आणि आता फक्त मनाला लागलंय. सलग सहा महिने भरून दाखवलेत तर तुमच्या खिशाला हे वजन पेलतंय हे तुमचं तुम्हाला कळलं, कुठल्या ॲपला विचारायला नको.

वर्षानं काय होतंय बघा. कार्ड शून्य. रिकरिंगमध्ये टाकत असाल तर 24-25 हजार जमा. आता पूर्ण 6,700 एकट्या गिटारसाठी, अजून आठ-नऊ महिने, की 80 हजार रोख हातात. म्हणजे सगळं मिळून वीस-एकवीस महिने. लई वाटतात, मलाही वाटले होते. पण मिरजेला तंबोरा करून घेणारी माणसं बघा, ऑर्डर देतात, इसार देतात आणि भोपळा, लाकूड, जवारी (घोडी घासून आणलेला झंकार) सगळं मनासारखं होईपर्यंत थांबतात, आणि त्या थांबण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, एकदा त्या गल्लीत नुसतं फिरून या. गिटारवाल्यानं पण बघण्यासारखं आहे ते.

या वीस महिन्यांत हातातल्या गिटारचं काय

निम्म्या लोकांना नवीन गिटार नको असते, त्यांना आहे त्या गिटारचा सेटअप करून हवा असतो. त्यांना ते माहिती नसतं एवढंच.

गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट, त्यातल्या बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे मोजा. कंपासपेटीतली पट्टी चालते. इलेक्ट्रिकला दीड ते दोन मिलिमीटरच्या आसपास ठीक, तीनच्या वर असेल तर तुम्ही वर्षभर तारेशी कुस्ती खेळताय आणि म्हणताय माझा हात बसत नाही. ट्रस रॉड (दांडीतली लोखंडी सळी) थोडा फिरवून नेक म्हणजे दांडी सरळ करणं, ब्रिज (तारांची घोडी) खाली-वर, नटच्या (दांडीच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं), आणि नवीन तारा. माझे या सगळ्याला तारांसकट 1,900 गेले होते. माझ्या जुन्या, आठ वर्षांच्या गिटारवर हे केल्यावर बँडमधल्या कीबोर्डवाल्यानं विचारलं, नवीन घेतली काय रे?

दुसरं, पाठ फिरवून ऐका. मित्राला दुकानात न्या, त्याला 25 हजाराची आणि 80 हजाराची गिटार एकाच ॲम्पवर, एकच चाल वाजवायला लावा, तुम्ही भिंतीकडं तोंड करून उभं राहा. दहापैकी किती वेळा ओळखता बघा. मी सहा वेळा बरोबर आलो, म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा एकनं बरा. फरक नसतो असं मी म्हणत नाही. हातात घेतल्यावर नेकचं फिनिशिंग, फ्रेटच्या कडा, तासभर वाजवून पण सुरात राहणं, हे भारीतल्या गिटारमध्ये कळतंच. पण तो फरक वाजवणाऱ्याच्या हाताला जास्त आणि हळदीतल्या पाहुण्यांना शून्य.

किमतीचा अंदाज असावा म्हणून, यामाहाची एफ 310 अकूस्टिक दहा-बारा हजारांच्या घरात, पॅसिफिका 112 पंचवीस-तीसच्या दरम्यान, फेंडरचा स्ट्रॅटोकास्टर मेक्सिकोतला घेतला तर 70-80 हजार आणि पुढं, अमेरिकेतला घेतला तर दीड-दोन लाखांची गोष्ट. पॅसिफिकावर लग्न वाजतंय, रेकॉर्डिंग होतंय. त्याच्या खालच्या गिटारवरून तिथपर्यंत जाणं खरंच जाणवतं, तिथून पुढं प्रत्येक दहा हजाराला फरक बारीक होत जातो.

"पण भावा, गिटार कमवून देईल की"

हे मी बायकोला सांगितलेलं वाक्य आहे, त्यामुळं याचा बाजार मला माहिती आहे. एकच विचारा स्वतःला, गेल्या वर्षात तुमची गिटार स्वस्तातली आहे म्हणून कार्यक्रमाची एक तरी सुपारी गेली का? माझी एकही गेली नव्हती. मानधन मिळत होतं तेच, दोन-अडीच हजार डोक्यामागं, आणि ते पण कार्यक्रम झाल्यावर महिन्यानं, चार फोन करून. सुपाऱ्या गेल्या होत्या त्या आमच्याकडं चांगला गायक नव्हता म्हणून. भारी गिटार आणल्यावर मानधन दोन-अडीच हजारच राहिलं, फक्त मी स्टेजवर दुसऱ्याला गिटारला हात लावू देईना झालो.

ज्याचा पूर्ण धंदाच हा आहे, स्टुडिओत वाजवतो, क्लास घेतो, त्याची गोष्ट वेगळी. त्यानं मागच्या बारा महिन्यांत हातात प्रत्यक्ष आलेले पैसे लिहावेत, ठरलेले नाही, आलेले, आणि गिटार त्यातल्या किती महिन्यांत निघते ते बघावं. गणपती ते लग्नसराई हात भरलेला आणि जून-जुलैत कोरडा असतो, तर हप्ता जून-जुलै धरून ठरवा.

माझ्या गिटारचं पुढं काय झालं

एका रात्री बायको कपडे घडी घालत होती, गिटार पलंगावर होती, ती उचलून ठेवताना म्हणाली, "ही आपली हाय का बँकेची ओ?" चेष्टाच होती. मला रात्रभर झोप नाही.

सात महिने झाल्यावर विकली. 78 ची 52 ला गेली, एक ओरखडा नसताना. कोल्हापुरात एवढ्या किमतीच्या गिटारला गिऱ्हाईक शोधायला मला दीड महिना लागला, शेवटी पुण्याचा पोरगा येऊन घेऊन गेला. 32 हजार 500 चे हप्ते राहिले होते ते मिटवले, मुदतीआधी बंद केल्याचे वर थोडे लागले. मित्राचे 15 दिले. उरलं ते कार्डात, आणि राहिलेल्या पन्नासचे हप्ते करून घेतले. मित्र आता परत हाक मारतो. मिसळीचं बिल मात्र दोन महिने मीच दिलं.

सगळं फिटलं, पैसे जमले, आता घेताय तर

मग घ्या की, आनंदानं घ्या. आधी सेकंडहँड बघा, माझ्यासारखे सात महिन्यांत विकणारे पुष्कळ आहेत. मी हल्ली वाजवतो ती पॅसिफिका तशीच घेतलेली, 17 हजारांत.

बघताना जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार न् फ्रेटमधली फट बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी किंवा कमी असावी. त्यापेक्षा बरीच जास्त फट असेल तर नेक वाकलाय, ट्रस रॉड फिरतोय का ते तिथंच फिरवून दाखवायला सांगा. टाळाटाळ केली तर चहा पिऊन परत या. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर एक दाखवतोय का बघा. वायर लावून सगळे नॉब फिरवा, खरखर ऐकू येते. अकूस्टिक असेल तर ब्रिज मागून उचललाय का, कागदाचं टोक खाली घुसतंय का. फेंडर मेक्सिकोतला म्हणून विकत असेल तर 2010 नंतरच्या बहुतेक गिटारचा सिरीयल नंबर एमएक्सनं सुरू होतो आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे असतात, अमेरिकेतल्याचा यूएसनं. नंबर एक सांगतोय आणि माणूस दुसरं, असं झालं तर तिथंच थांबा, नकली माल भरपूर फिरतोय.

बजेट करताना गिटारच्या किमतीवर पाच-सहा हजार धराच, चांगली केस, पट्टा, वायर, दोन तारांचे सेट, आणि एक तीन-चारशेचं हवेतला ओलावा मोजायचं यंत्र. लाकडाला 45 ते 55 टक्के ओलावा मानवतो आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर आकडा 80 च्या पुढं पळतोय, भिंतीला बुरशी येते तिथं गिटारचं काय. अकूस्टिकचं पोट फुगतं, तारा उंच होतात, आणि माणूस म्हणतो गिटार खराब निघाली. पावसाळ्यात भिंतीला टांगायची नाही, केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, आणि पुड्या महिन्याला बदला.

रोख घेऊन जा, कार्ड घरी साड्यांखालीच राहू दे. आणि दुकानातून निघायच्या आधी पट्टा निसटू नये म्हणून स्ट्रॅप लॉक बसवून घ्या, तीन-चारशे रुपयांत होतात. हळदीत कुणीतरी नाचत येऊन पट्ट्याला धरतंच. माझी जुनी गिटार त्यातच गाण्याच्या मधोमध फरशीवर पडलीय, आणि नवरदेवाच्या मामांना वाटलं तो आमच्या स्टेपचाच भाग आहे, त्यांनी वर शंभराची नोट ओवाळून टाकली.